साखळ्या कोणी सोडल्या?

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की मी संगणकावर, नाहीतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी लिहीन. मी लिहिते आहे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच डॉक्टरवर. कारण आधीच सांगते.

आठवी-नववीत माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या मैत्रिणींना आमच्या घराची मागची खोली आठवत असेल. तिला बाहेरून कडी असायची. आत काय आहे असं कोणी विचारलं, की मी अडगळ म्हणून सांगत असे. आत माझे मोठे काका असत. ते मनाने आजारी होते आणि बरीच वर्षं त्यांना कुठल्याच डॉक्टरकडे नेलं नव्हतं. मी बारावीत असताना शेवटी नेलं. त्या मनोविकारतज्ज्ञांनी घरच्या मोठ्या माणसांना थोडंफार विचारलं आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या कामवाल्या मावशींना आत बोलावून अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसले. काकांचं जेवण रोज मावशीच नेऊन देत. काका कधी जेवतात, कधी ताट भिरकावतात, कोणत्या दिवसांत झोपत नाहीत, कोणत्या आवाजाने बिथरतात, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आमच्या वडीलधाऱ्यांना तो अपमान वाटला. मलाही त्या वयात ते विचित्रच वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी फिलिप पिनेल यांच्याविषयी वाचलं, तेव्हा त्या अर्ध्या तासाचा अर्थ कळला.

पिनेल यांचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये तार्न परगण्यात झाला. घराण्यात वैद्यकी होती, पण ती खेड्यातली. वडील शल्यवैद्य होते, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे जखमा बांधणारे, हाडं बसवणारे, फार मान नसलेले वैद्य. मुलाने धर्मोपदेशक व्हावं अशी आधी योजना होती. त्यासाठी फिलिप यांचं शिक्षण धर्मसंस्थेच्या विद्यालयात झालं, मग तुलूझला धर्मशास्त्राचा अभ्यासही झाला. पंचविशीत त्यांनी तो रस्ता सोडला आणि वैद्यकशास्त्राकडे वळले. १७७३ मध्ये तुलूझ विद्यापीठाची पदवी मिळाली. त्यानंतर चार वर्षं ते माँपेलियेला राहिले. तिथली वैद्यकशाळा युरोपात नावाजलेली होती. तिथे त्यांना एक सवय लागली, ती जन्मभर टिकली. रोग्याच्या खाटेजवळ उभं राहून जे दिसलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

१७७८ मध्ये ते पॅरिसला आले आणि तिथे पंधरा वर्षं त्यांची उपेक्षाच झाली. प्रांतातल्या विद्यापीठाची पदवी घेतलेल्या डॉक्टरला पॅरिसच्या वैद्यकशाखेने राजधानीत व्यवसाय करू द्यायचा नाही, असा नियम होता. पिनेल यांनी गणिताच्या शिकवण्या केल्या, इंग्रजी वैद्यकग्रंथांची भाषांतरं केली आणि आरोग्यविषयक एक नियतकालिक काही वर्षं संपादित केलं. वैद्यकशाखेच्या एका बक्षिसासाठी ते स्पर्धेला बसले आणि अपयशी ठरले. पुन्हा बसले, पुन्हा तेच. स्वभाव भिडस्त, बोलणं अडखळतं, तेव्हा परीक्षकांवर छाप पडण्यासारखं काही नव्हतं. आपल्यापैकी ज्यांना पहिल्या नोकरीसाठी मुलाखतीमागून मुलाखती द्याव्या लागल्या, त्यांना हा माणूस लगेच जवळचा वाटेल.

याच काळात एक घटना घडली आणि तिने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्यांचा एक तरुण मित्र मनाने आजारी पडला. मोठ्या उमेदीने पॅरिसला आलेला हा हुशार मुलगा हळूहळू खचत गेला. इस्पितळातल्या उपचारांनी गुण आला नाही. घरच्यांनी त्याला गावी नेलं. तिथून तो रानात पळाला आणि पुढे मृतावस्थेत सापडला. पिनेल स्वतः डॉक्टर होते, त्याचे मित्र होते, आणि तरीही त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यानंतर ते एका खाजगी आरोग्यगृहात मनोरुग्ण पाहायला जाऊ लागले. ते आरोग्यगृह चालवणारे बेलोम नावाचे गृहस्थ मूळचे सुतार. श्रीमंत घरांतले वेडे सांभाळायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा होता. रोगी बरा होऊन घरी गेला की उत्पन्न थांबतं, त्यामुळे तो बरा व्हावा याची मालकाला फारशी निकड नसते, हे पिनेल यांच्या तिथे लक्षात आलं. पुढे सरकारी इस्पितळात काम करताना हा धडा त्यांना उपयोगी पडला.

१७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. बॅस्तिल, राजा सोळावा लुई, गिलोटिन हे सगळं आपण इतिहासाच्या तासाला घोकलं आहे. क्रांतीने जुन्या वैद्यकशाखेची मक्तेदारी मोडली, आणि पिनेल यांचे दोन स्नेही, काबानिस आणि तुरे, इस्पितळांच्या कारभारात आले. त्यांच्यामुळे ऑगस्ट १७९३ मध्ये पिनेल यांची बिसेत्र इस्पितळात डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

बिसेत्रला इस्पितळ म्हणायचं ते नावापुरतं. पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या त्या प्रचंड आवारात निराधार म्हातारे, अनाथ मुलं, गुप्तरोगी, भिकारी आणि कैदी असे हजारो पुरुष कोंबलेले होते. गिलोटिनची पहिली चाचणी १७९२ मध्ये याच आवारात प्रेतांवर घेतली गेली होती. मनोरुग्णांचा विभाग वेगळा होता आणि त्यात दोनशेच्या आसपास माणसं होती. त्यांचा इथवरचा प्रवास ठरलेला असे. आधी शहरातल्या ओतेल-द्यू इस्पितळात काही आठवडे उपचार व्हायचे. उपचार म्हणजे शिरा उघडून रक्त काढणं, जुलाब देणं, थंड पाण्यात बुडवणं. गुण आला नाही, की असाध्य असा शिक्का मारून पुरुषाला बिसेत्रला आणि स्त्रीला साल्पेत्रिएरला पाठवायचं. या दोन्ही ठिकाणी बेफाम रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवण्याची रीत होती.

पिनेल तिथे गेले तेव्हा त्यांना अपेक्षेपेक्षा वेगळं दृश्य दिसलं. विभाग शिस्तीत चालत होता. रोग्यांना मारहाण होत नव्हती. हे एका माणसाचं काम होतं आणि तो डॉक्टर नव्हता.

ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ यांचा जन्मही १७४५ चाच. ते पूर्व फ्रान्समधले, कातडी कमावण्याचा व्यवसाय करणारे. तरुणपणी गंडमाळेने आजारी पडले आणि उपचारांसाठी बिसेत्रला दाखल झाले. बरे झाल्यावर तिथेच नोकरीला लागले. आधी त्यांच्याकडे मुलांचा विभाग होता, मग १७८५ च्या सुमारास मनोरुग्णांचा विभाग आला. पत्नी मार्गरित त्यांच्या बरोबरीने काम करत असे. वैद्यकाचं पुस्तकी शिक्षण दोघांनाही नव्हतं. पण प्युसँ स्वतः त्या इस्पितळात रोगी म्हणून राहिले होते. खाटेवरून जग कसं दिसतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी काही साधे नियम घालून दिले होते. नोकराने रोग्यावर हात उचलायचा नाही, रोग्याने मारलं तरीही नाही. हा नियम ज्यांना पाळता येईना, त्यांना त्यांनी काढून टाकलं. त्यांच्या जागी बरे झालेले किंवा बरे होत आलेले रोगीच कामाला घेतले. ज्याने स्वतः ती अवस्था भोगली आहे तो दुसऱ्याशी जास्त समजुतीने वागतो, हा त्यांचा अनुभव होता. शिवाय ते नोंदी ठेवत. किती आले, किती बरे झाले, किती दगावले, याचा वर्षावर्षाचा तक्ता त्यांनी तयार केला होता.

पिनेल यांच्यासारख्या पदवीधराला या तक्त्याकडे दुर्लक्ष करणं सहज शक्य होतं. पॅरिसमधल्या बहुतेक डॉक्टरांनी ते केलं असतं. पिनेल यांनी उलट केलं. डॉक्टरकीचा अधिकारवाणीचा सूर आपण बाजूला ठेवला, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे. ते रोज विभागात फिरत. एकाच रोग्याशी पुन्हापुन्हा बोलत, आधी शांत असताना आणि मग झटका आलेला असताना. रात्री कोणाचं काय झालं हे प्युसँ यांना विचारत आणि सगळं टिपून ठेवत. मनोरुग्णाजवळ बसून त्याची हकिगत ऐकणं आणि ती तारीखवार लिहून ठेवणं आज आपल्याला अगदी स्वाभाविक वाटतं. मानसोपचारात ते इतक्या शिस्तीने करणाऱ्या पहिल्या डॉक्टरांमध्ये पिनेल यांची गणना होते.

या नोंदींतून त्यांना एक गोष्ट उमगली. वेड लागलेल्या माणसाची बुद्धी सगळीच्या सगळी जात नाही. काही भाग शाबूत असतो, काही वेळ शाबूत असते. त्या शाबूत भागाशी बोलता येतं आणि उपचाराची सुरुवात तिथूनच करता येते. रक्त काढण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी भर दिला तो दिनक्रम, काम, धीर, विश्वास आणि वाट पाहणं यांवर.

हे सगळं दर वेळी यशस्वी झालं असं नाही. त्यांनी आपली अपयशंही लिहून ठेवली आहेत. त्यातली एका शिंप्याची हकिगत मला विसरता येत नाही. क्रांतीच्या धामधुमीत राजाला झालेल्या शिक्षेबद्दल हा शिंपी चारचौघांत काहीतरी बोलून गेला. लोकांनी संशयाने पाहिलं. तेव्हापासून आपल्याला गिलोटिनवर नेणार या धास्तीने त्याची झोप गेली, काम सुटलं आणि तो बिसेत्रला आला. पिनेल यांनी त्याला इस्पितळातल्या लोकांचे कपडे शिवायला दिले. हातात सुई आली आणि माणूस हळूहळू सावरला. काही काळाने काम सुटलं आणि भीती परतली. तेव्हा पिनेल यांनी एक नाटक रचलं. काही तरुण डॉक्टरांना न्यायाधिकाऱ्यांचा वेश देऊन त्याची रीतसर चौकशी केली आणि तो निर्दोष असल्याचा निकाल वाचून दाखवला. शिंप्याच्या मनावरचं ओझं उतरलं. पण पुढे कोणीतरी त्याला सांगून टाकलं की ते सगळं सोंग होतं. तो जो ढासळला तो पुन्हा उठला नाही. कामाने जे साधलं होतं ते फसवणुकीने टिकवता आलं नाही, असं या हकिगतीवरून मला वाटतं. पिनेल यांनी ती झाकून ठेवली नाही, याचं मोल मला फार वाटतं. आमच्या क्षेत्रात चाललेल्या कामाचे अहवाल सगळेच लिहितात. फसलेल्या कामाचा प्रामाणिक अहवाल लिहिणारा क्वचित भेटतो.

१७९५ मध्ये पिनेल यांची बदली साल्पेत्रिएरला झाली. बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याचा कारखाना एकेकाळी तिथे होता, त्यावरून हे नाव पडलं. इथे हजारो स्त्रिया होत्या: म्हाताऱ्या, निराधार, वेश्या म्हणून पकडलेल्या, फेपरं येणाऱ्या आणि मनोरुग्ण. प्युसँ मात्र बिसेत्रलाच राहिले. आणि पिनेल निघून गेल्यावर दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, त्यांनी बिसेत्रच्या रोग्यांच्या लोखंडी साखळ्या काढून टाकल्या. अगदीच अनावर होणाऱ्या रोग्यासाठी त्याऐवजी जाड कापडाचा, लांब बाह्या मागे बांधायचा सदरा वापरायला सुरुवात केली. त्या सदऱ्यातही बंधन होतंच. पण लोखंडाने सोलून निघालेल्या घोट्यांच्या मानाने ते पुष्कळ सुसह्य होतं, आणि झटका ओसरला की ते लगेच काढता येत होतं.

साल्पेत्रिएरला पिनेल यांना सगळ्यात मोठी उणीव भासली ती प्युसँ यांची. त्यांना इकडे पाठवा म्हणून ते प्रशासनाच्या मागे लागले. युरोपभर नाव झालेला प्राध्यापक एका देखरेख्याच्या बदलीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. १८०२ मध्ये त्यांना यश आलं. प्युसँ आल्यावर साल्पेत्रिएरच्या स्त्रियांच्या साखळ्याही निघाल्या. आजाराच्या प्रकाराप्रमाणे आणि टप्प्याप्रमाणे स्त्रियांचे वेगळे विभाग झाले. शिवणकामासारखी कामं सुरू झाली. बऱ्या होत आलेल्या स्त्रियांना पुरेसे दिवस वेगळं ठेवून मगच घरी पाठवायचं, असा प्रघात पडला.

आणि इथे पिनेल यांच्या शिकवण्यांच्या दिवसांतलं गणित कामाला आलं. प्युसँ यांच्या तक्त्याची कल्पना त्यांनी पुढे नेली. १८०२ ते १८०५ या काळात दाखल झालेल्या सुमारे हजार स्त्रियांच्या नोंदी त्यांनी आजाराच्या प्रकारानुसार लावल्या. दुसरीकडे उपचार घेऊन आलेल्या आणि पहिल्यांदाच आलेल्या यांचा हिशेब वेगळा धरला. निम्म्याच्या जवळपास स्त्रिया बऱ्या झाल्या होत्या. १८०७ मध्ये हे निष्कर्ष त्यांनी फ्रान्सच्या विद्वत्संस्थेपुढे मांडले. वेड असाध्य आहे की साध्य, हा तोवर मताचा प्रश्न होता. त्यांनी तो मोजणीचा केला.

दरम्यान त्यांचे दोन ग्रंथ आले होते. १७९८ चा सर्व रोगांच्या वर्गीकरणाचा आणि १८०० च्या सुमाराचा मनोविकारांवरचा. दुसऱ्या ग्रंथाची भाषांतरं लवकरच जर्मन, इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांत झाली. त्यात प्युसँ यांचं ऋण त्यांनी उघडपणे मान्य केलं आहे. मनोविकारतज्ज्ञ ही ओळख तेव्हा जन्मायची होती. आज जगभर रूढ असलेला सायकियाट्री हा शब्द जर्मन डॉक्टर राइल यांनी १८०८ मध्ये घडवला. म्हणजे ज्या शास्त्राचे पिनेल जनक मानले जातात, त्याला त्यांनी काम सुरू केलं तेव्हा नावही नव्हतं. अर्थात ते एकटे नव्हते. फ्लॉरेन्समध्ये कियारुजी यांनी आणि इंग्लंडमधल्या यॉर्कला विल्यम ट्यूक यांनी त्याच सुमारास रोग्यांना माणुसकीने वागवायला सुरुवात केली होती. काळच तसा होता.

पिनेल यांच्या उपचारांत कठोरपणा अजिबात नव्हता, असंही कोणी समजू नये. धार्मिक भ्रमामुळे जेवण सोडलेल्या एका तरुणाला प्युसँ यांनी रात्री नोकरांसह जाऊन, साखळ्या खणखणवून दम भरला आणि तो अखेर जेवला, ही हकिगत पिनेल यांनी पसंतीने सांगितली आहे. थंड पाण्याची धार डोक्यावर सोडणं हा शिस्तीचा उपाय होता. डॉक्टरने बापासारखं वागायचं, प्रेमाने आणि धाकानेही, अशी ती कल्पना होती. १९६१ मध्ये मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने यावर कडक टीका केली. बाहेरच्या साखळ्या काढून या सुधारकांनी रोग्याच्या मनात अपराधाची आणि पाळतीची साखळी घातली, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. मला ती टीका पूर्ण पटत नाही. घोट्याला बेडी असलेल्या माणसाला दोन्ही साखळ्या सारख्याच वाटल्या असतील, यावर माझा विश्वास नाही. पण डॉक्टरच्या हातात किती सत्ता असावी, हा तिच्यातला प्रश्न खरा आहे. तो अजून सुटलेला नाही.

प्युसँ १८११ मध्ये वारले. पिनेल पुढे पंधरा वर्षं जगले. १८२२ मध्ये राजाच्या सरकारने क्रांतीच्या काळातल्या प्राध्यापकांवर राग काढला, वैद्यकशाखा बरखास्त केली आणि पिनेल यांचं अध्यापनाचं पद गेलं. २५ ऑक्टोबर १८२६ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर इतिहासात जे झालं ते आपल्याला अपरिचित नाही. दंतकथा तयार झाली. पिनेल यांचे चिरंजीव सिपियों हेही डॉक्टर होते. १८३६ मध्ये त्यांनी एक नाट्यमय प्रसंग लिहिला. रोबेस्पिएरचा जहाल सहकारी कुथों बिसेत्रला येतो, पिनेल यांना वेड्यांपेक्षा वेडा ठरवतो, आणि तरीही पिनेल निर्भयपणे एकामागून एक रोग्याच्या साखळ्या सोडत जातात. शिष्य एस्किरोल यांनीही साखळ्या सोडण्याचं सगळं श्रेय गुरूला दिलं. चित्रकारांनी चित्रं काढली, पुतळा उभा राहिला. प्युसँ मागे पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लॅडिस स्वेन, डोरा वायनर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने कागद तपासले, तेव्हा कुथोंच्या भेटीला आधार नाही आणि बिसेत्रच्या साखळ्या पिनेल यांच्या बदलीनंतर प्युसँ यांनी काढल्या, हे स्पष्ट झालं.

माझ्या मते या शोधाने पिनेल लहान होत नाहीत. साखळी सोडायला धैर्य लागतं, ते प्युसँ यांचं. पण आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं हे ओळखणं, ते पुस्तकात छापणं आणि त्या माणसासाठी वर्षानुवर्षं भांडणं, यालाही धैर्य लागतं. दंतकथेने त्यांची हीच खरी थोरवी पुसून टाकली.

पिनेल यांच्यानंतर मनोविकारतज्ज्ञाची भूमिका फार बदलली. १८३८ च्या कायद्याने फ्रान्सच्या प्रत्येक जिल्ह्यावर मनोरुग्णालयाची सोय करण्याची जबाबदारी आली. डॉक्टर त्या भिंतीआडच्या जगाचा सर्वाधिकारी झाला. रुग्णालयं भरत गेली आणि रोग्याजवळ बसायला वेळ उरला नाही. १९५२ मध्ये पॅरिसच्याच सेंट-ॲन इस्पितळात क्लोरप्रोमॅझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि पहिल्यांदाच औषधाने भ्रम ओसरताना दिसले. त्यानंतर लाखो माणसं घरी राहून बरी होऊ शकली. काकांनाही शेवटी गोळ्यांनीच स्थिर केलं, त्यामुळे औषधांविषयी मी कृतज्ञच आहे. पण गोळी आल्यावर डॉक्टरचं काम पुष्कळदा दहा मिनिटांत चिठ्ठी लिहिण्यावर आलं. आता ते पुन्हा बदलतं आहे. मनोविकारतज्ज्ञ निदान करतो, औषध ठरवतो, आणि त्याच्या बरोबरीने मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते, घरचे आणि स्वतः रोगीही उपचारात भाग घेतात. आजारातून बाहेर आलेले लोक इतर रोग्यांना आधार देण्याचं काम करतात. हे नवीन म्हणून सांगितलं जातं. प्युसँ यांनी बरे झालेले रोगी कामाला घेतले, त्याला सव्वादोनशे वर्षं झाली.

आपल्याकडे याची निकड जास्त आहे, कारण भारतात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा येत नाही. आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांतल्या येरवड्याचं नाव आपण शाळेत एकमेकांना चिडवायला वापरत होतो, मीही वापरत होते, घरात काका असताना. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला आग लागली आणि अठ्ठावीस जण गेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आलं नव्हतं. प्युसँ यांनी बेड्या काढल्या त्याला तेव्हा दोनशे चार वर्षं झाली होती. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर स्पष्ट बंदी घातली. आपण आजारी पडलो तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिला. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत दूरध्वनी क्रमांक सुरू आहे. गरज कोणाला कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून इथे मुद्दाम देते आहे.

साल्पेत्रिएरच्या इस्पितळात तोनी रोबेर-फ्लरी यांनी १८७६ मध्ये रंगवलेलं एक मोठं चित्र आहे. अंगणात बऱ्याच स्त्रिया आहेत. मध्ये एक तरुणी हरवल्यासारखी उभी आहे. पिनेल हातात काठी घेऊन बाजूला उभे आहेत आणि एक स्त्री त्यांच्या हाताचं चुंबन घेते आहे. दंतकथेचंच चित्र ते. पण नीट पाहिलं तर त्या तरुणीचं बंधन पिनेल सोडत नाहीत. ते सोडणारे हात दुसऱ्या एका माणसाचे आहेत. तो कामात गढलेला आहे आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही.

काका पुढे अकरा वर्षं जगले. शेवटची काही वर्षं ते संध्याकाळी ओट्यावर बसत, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत. मावशींनी सांगितलेल्या गोष्टी डॉक्टरांनी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. पहिल्या भेटीचा तो कागद माझ्याकडे अजून आहे. मागच्या खोलीची कडी माझ्या वडिलांनी स्वतः उखडून काढली. दारावर तिची भोकं तशीच आहेत. यंदाच्या मेळाव्याला आलात की घरी या. ती खोली तुम्हाला दाखवायची राहिली आहे.